विकतच्या तळीव खाण्यातील स्निग्धांश व पुड्यावरील मजकूर

कल्याणाहून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग उल्हास नदीच्या खोऱ्यातून जातो. ह्या मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे एकामागून एक लागतात, आणि त्यांच्या अवतीभोवतीच्या गावांतून भात, वाल, भाजीपाला व दूध ह्या शहरांच्या बाजारांत जाते. माल विकून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याच्या पिशवीत पूर्वी मीठ, साखर, कापड असे जिन्नस असत. आज त्यांच्या जोडीला मुलांसाठी घेतलेले फरसाण, वेफर, बिस्किटे व नूडल्स ह्यांचे चकचकीत पुडे हटकून असतात. गाडीची वाट पाहताना स्टेशनाबाहेर वडापाव किंवा समोसा खाणे होते. उल्हासनगरात सकाळचे काम असले तर दाल-पकवानही होते. ह्या खाण्याचा तिटकारा वाचकांच्या मनात उत्पन्न करावा असा आमचा हेतू नाही. परंतु जे पदार्थ सणावारी खाण्याचे होते ते रोजचे झाले, आणि ते कशात तळले आहेत हे घरातील कोणासही ठाऊक नसते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपला शेतकरी खताचे पोते घेताना त्यावरील चित्राकडे पाहत नाही. १०:२६:२६ हे आकडे तो वाचतो व ५० किलोच्या पोत्यात ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद व १३ किलो पालाश आहे असा हिशेब तोंडी करतो. बियाण्याच्या पिशवीवरील उगवणशक्तीचा आकडा व मुदत पाहिल्यावाचून तो पैसे मोजीत नाही. खाण्याच्या पुड्यावरही असेच आकडे कायद्याने छापलेले असतात. जी सावधगिरी पिकासाठी आपण बाळगतो तीच घरच्या मुलांच्या पोटासाठी बाळगावी, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे. व ती कशी बाळगावी ह्याची रीत पुढे क्रमाने दिली आहे.

स्निग्ध पदार्थांचे तीन वर्ग

स्निग्ध पदार्थ शरीरास आवश्यक आहेत. अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे त्यांच्याच साहाय्याने अंगी लागतात. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन ह्यांपासून सुमारे ४ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम स्निग्धापासून ९ मिळते. ह्यामुळे तळलेला पदार्थ दिसावयास थोडा असला तरी त्याची उष्णता दुपटीहून अधिक भरते. दिवसभर शेतात राबणाऱ्या मनुष्याच्या अंगी ती जिरते. दुकानात, कचेरीत किंवा शाळेच्या बाकावर बसणाऱ्याच्या अंगी ती चरबी होऊन साठते.

सर्व तेलातुपांत स्नेहाम्ले असतात. त्यांचे व्यवहारापुरते तीन वर्ग समजावेत. पहिला वर्ग संपृक्त स्नेहाम्लांचा. ही ज्यात अधिक तो पदार्थ थंडीत थिजतो. शंभर भाग खोबरेल तेलात ती सुमारे ९० भाग, तुपात ६० ते ६५ भाग व पाम तेलात सुमारे ५० भाग असतात. दुसरा वर्ग असंपृक्त स्नेहाम्लांचा. ही पातळ तेलांत अधिक असतात. भुईमूग व तांदळाचा कोंडा ह्यांच्या तेलांत संपृक्तांश सुमारे २० भाग, तीळ व सोयाबीन ह्यांच्या तेलांत सुमारे १५ भाग, आणि करडई व सूर्यफूल ह्यांच्या तेलांत १० भागांच्या आसपास असतो. बाकी बहुतेक सर्व भाग असंपृक्त होय. संपृक्त स्निग्ध बेसुमार खाल्ल्याने रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते व हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा संभव वाढतो. त्याच्या जागी असंपृक्त तेल वापरल्याने हा धोका कमी होतो.

तिसरा वर्ग ट्रान्स स्नेहाम्लांचा. हा सर्वांत वाईट, आणि तो मुख्यत्वे मनुष्याच्या कारखानदारीतून निर्माण झालेला आहे. त्याचा इतिहास आपल्या मुंबई इलाख्याशी व तिळाच्या पिकाशी जोडलेला असल्यामुळे थोड्या विस्ताराने सांगतो.

वनस्पती तूप व तिळाची साक्ष

पातळ तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळवून ते घट्ट करण्याची युक्ती जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मन ह्या रसायनज्ञाने १९०२ च्या सुमारास सिद्ध केली. ह्या युक्तीने स्वस्त तेलाचे तुपासारखे दाणेदार, पांढरे व पुष्कळ दिवस टिकणारे द्रव्य होऊ लागले. हिंदुस्थानात असे तूप प्रथम हॉलंडातून येई. १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, मुंबईस शिवडी येथे कारखाना निघाला, आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव बाजारात आले. पुढे हे नाव इतके रूढ झाले की घरोघर कोणत्याही वनस्पती तुपास लोक डालडाच म्हणू लागले.

ह्या तुपाने दूधदुभते बाळगणाऱ्या शेतकऱ्यास मोठा फटका बसला. ते अस्सल तुपात मिसळले असता डोळ्यांस किंवा जिभेस सहजी कळत नसे. भेसळ पकडावी कशी, ह्यावर सरकारने जी तोड काढली ती आमच्या वाचकांस कौतुकाची वाटेल. प्रत्येक वनस्पती तुपात शेकडा ५ ह्या प्रमाणात तिळाचे तेल घालण्याची सक्ती कारखानदारांवर करण्यात आली. तिळाच्या तेलात असे एक द्रव्य आहे की, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरल ह्यांच्याशी ते हलविले असता तांबडा रंग येतो. हीस बोदुआँ परीक्षा म्हणतात. संशयित तूप प्रयोगशाळेत नेऊन ही परीक्षा केली व तांबडा रंग आला, तर त्यात वनस्पती तूप आहे हे ठरे. आपल्या शेतातील तीळ अशा रीतीने भेसळीविरुद्ध साक्षीदार झाला.

परंतु त्या काळच्या सर्व वादांत भेसळीचा व पचनाचा विचार होता. खरा दोष कोणास ठाऊक नव्हता. तेल अर्धवट घट्ट करताना त्यातील काही असंपृक्त स्नेहाम्लांची रचना पालटते व ट्रान्स स्नेहाम्ले तयार होतात. १९९० साली हॉलंडमधील वाखेनिंगेन शेतकी विद्यापीठातील मेन्सिंक व काटन ह्या संशोधकांनी दाखवून दिले की, ही स्नेहाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात व त्याच वेळी हितकर कोलेस्टेरॉल कमी करितात. संपृक्त स्निग्धाने पहिला अपाय होतो. ट्रान्सने दोन्ही होतात. ज्या देशातून आपल्याकडे वनस्पती तूप प्रथम आले त्याच देशातून, आणि तेही एका शेतकी विद्यापीठातून, त्याचा दोष उघडकीस यावा हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

डेन्मार्कने २००३ साली कायदा करून स्निग्धातील औद्योगिक ट्रान्सांश शेकडा २ च्या आत आणिला. आपल्या देशात २००९ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट ह्या संस्थेने बाजारातील वनस्पती तुपे तपासली, तेव्हा त्यांत डेन्मार्कच्या मर्यादेच्या कित्येक पट ट्रान्सांश आढळला. पुढे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने आरंभी शेकडा १०, नंतर ५, १ जानेवारी २०२१ पासून ३ व १ जानेवारी २०२२ पासून २ अशी मर्यादा उतरवीत आणिली. ही शेवटची मर्यादा तेलातुपांप्रमाणेच ती घालून केलेल्या तयार पदार्थांसही लागू आहे. हे काम चांगले झाले, ह्यात शंका नाही.

ट्रान्स गेला, त्याच्या जागी काय आले?

कारखानदारास बिस्किटाला खुसखुशीतपणा व फरसाणाला टिकाऊपणा हवाच असतो. अर्धवट घट्ट केलेले तेल वापरता येईना, तेव्हा त्याने स्वभावतःच घट्ट असलेले स्निग्ध घेतले. ते म्हणजे मुख्यतः पाम तेल व त्याचे निरनिराळे भाग. आपला देश दर वर्षी दीड कोटी टनांच्या आसपास खाद्यतेल परदेशांतून आणतो, व त्यात पामचा वाटा सर्वांत मोठा असतो. हे तेल इंडोनेशिया व मलेशिया ह्या देशांतून येते. आपल्या मराठवाड्याच्या व सोलापूरच्या कोरडवाहू जमिनीतील करडईचे क्षेत्र ह्याच काळात फार घटले आहे, आणि आमच्या खोऱ्यालगतच्या डोंगरउतारांवरील खुरासणीचीही तीच गत आहे.

पाम तेल विष नव्हे. ते ट्रान्सपेक्षा निश्चित बरे. परंतु त्याचा अर्धा भाग संपृक्त आहे ही गोष्ट पुड्याच्या दर्शनी बाजूस कोणी छापीत नाही. तेथे 'ट्रान्स फॅट फ्री' अशी अक्षरे मात्र ठळक असतात. वाचणाऱ्याची समजूत होते की पदार्थ निर्दोष आहे. अक्षरे खोटी नसतात. त्यांवरून होणारी समजूत खोटी असते.

पुड्याची मागची बाजू वाचण्याची रीत

उल्हासनगरासंबंधी एक थट्टेची कथा आपल्या भागात सर्वतोमुखी आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित बंधू कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिले, व १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावलेल्या ह्या लोकांनी लहानलहान कारखाने काढून अपार कष्टाने आपला जम बसविला. त्यांच्या मालावर 'मेड इन यू. एस. ए.' असे छापलेले असे व त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगितला जाई, असे लोक हसत हसत सांगतात. कथा खरी असो वा रचलेली असो; अक्षरे खरी असूनही वाचणारा फसू शकतो हे तीवरून कळते. आजचे मोठमोठे खाद्यपदार्थांचे कारखाने ह्या कलेत त्या कथेच्या फार पुढे गेले आहेत.

पुड्याची पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची बाजू कायद्याची, असे समजून पुडा उलटा करावा. मागे दोन गोष्टी पाहावयाच्या असतात: घटकांची यादी व पोषणाचा तक्ता.

घटकांच्या यादीत जो जिन्नस वजनाने सर्वांत अधिक तो प्रथम व सर्वांत कमी तो शेवटी असा क्रम नियमाने असतो. 'मल्टिग्रेन' बिस्किटाच्या यादीत प्रथम मैदा, मग साखर, मग पामोलिन व शेवटी कोठे तरी नाचणी शेकडा २ असे आढळले, तर ते बिस्किट मैद्याचे आहे असे निःशंक समजावे. पामोलिन, एडिबल व्हेजिटेबल फॅट, इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल ऑइल हे शब्द ओळखीचे करून घ्यावेत. ते यादीच्या पहिल्या तीन जिनसांत असतील तर पदार्थ रोजच्या खाण्याचा नव्हे.

पोषणाच्या तक्त्यात उष्णता, प्रथिने, पिष्ट, साखर, एकूण स्निग्ध, संपृक्त स्निग्ध, ट्रान्स व सोडियम ह्यांचे आकडे दर १०० ग्रॅमला दिलेले असतात. त्यांच्या शेजारी बहुधा एका वेळच्या वाट्यातून दिवसाच्या गरजेचा शेकडा किती भाग मिळतो, हेही दिलेले असते. दिवसाची गरज म्हणून नियमात २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण स्निग्ध, २२ ग्रॅम संपृक्त, २ ग्रॅम ट्रान्स, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर व २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, हे आकडे धरले आहेत. संपृक्त, ट्रान्स, साखर व मीठ ह्यांचे आकडे ओलांडू नयेत अशी मर्यादा म्हणून समजावेत. ते पुरे करण्यासाठी नाहीत.

आता एक उदाहरण सोडवू. ते आम्ही कल्पनेने मांडले आहे, परंतु बाजारातील फरसाण व शेव ह्यांचे आकडे ह्याच घरातले असतात. पुडा १५० ग्रॅमचा आहे. १०० ग्रॅमला उष्णता ५५८ किलोकॅलरी, एकूण स्निग्ध ३८ ग्रॅम, संपृक्त १५ ग्रॅम, ट्रान्स ०.१ ग्रॅम व सोडियम ८०० मिलिग्रॅम असे छापले आहे. एका वेळचा वाटा ३० ग्रॅम धरला आहे. ३० ग्रॅमात संपृक्त स्निग्ध ४.५ ग्रॅम भरते; म्हणून शेवटच्या रकान्यात 'शेकडा २०' असा आकडा दिसतो. पाहणाऱ्यास वाटते, पाचवा हिस्साच तर आहे.

पण ३० ग्रॅम फरसाण म्हणजे मोठ्या माणसाची एक लहान मूठ. शाळेतून आलेला मुलगा पुडा फोडतो तो बहुधा रिकामा करूनच खाली ठेवतो. त्याने १५० ग्रॅम खाल्ले तर:

उष्णता ८३७ किलोकॅलरी, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या शेकडा ४२;
एकूण स्निग्ध ५७ ग्रॅम, म्हणजे शेकडा ८५;
संपृक्त स्निग्ध २२.५ ग्रॅम, म्हणजे दिवसाची मर्यादा ओलांडली;
सोडियम १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम मीठ, मर्यादेच्या शेकडा ६०.

अजून त्याचे रात्रीचे जेवण व्हावयाचे आहे. आणि ह्या पुड्यावर 'ट्रान्स फॅट फ्री' असे छापण्यास कायद्याची आडकाठी नाही. कारण १०० ग्रॅम पदार्थात ट्रान्स ०.२ ग्रॅमच्या आत असेल तर तसे म्हणण्याची मुभा आहे. एका वेळच्या वाट्याचा आकडा लहान धरला की शेकडेवारी लहान होते, ही ह्या विद्येतील पहिली मेख होय. म्हणून तक्ता वाचताना प्रथम पुड्याचे वजन पाहावे, घरात तो किती जण खाणार हे ठरवावे, व त्याप्रमाणे गुणाकार करावा. खताच्या पोत्याचा हिशेब आपण ह्याच रीतीने करितो.

दर्शनी बाजूवरील काही वाक्ये

'कोलेस्टेरॉल फ्री' हे वाक्य वनस्पतिजन्य तेलाच्या डब्यावर किंवा बटाट्याच्या वेफरवर पाहून भुलू नये. कोलेस्टेरॉल हे प्राणिज पदार्थांत असते. वनस्पतींच्या तेलात ते गणनीय प्रमाणात नसतेच. मात्र तेलातील संपृक्त स्निग्धाने आपल्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढू शकते, व ते ह्या वाक्याने झाकले जाते.

'भाजलेले, तळलेले नव्हे' असे लिहिलेल्या पदार्थाच्या पिठातच पुष्कळदा तेल मळलेले असते. येथेही एकूण स्निग्धाचा आकडा हाच पंच. घन पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमहून अधिक स्निग्ध नसेल तरच त्यास 'कमी स्निग्ध' म्हणता येते, हे लक्षात ठेवावे.

'शुगर फ्री' म्हणजे साखर नाही एवढेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात अशा पदार्थांत स्निग्ध भरपूर असू शकते असा इशारा दिला असून, पुड्यावरील दाव्यांनी भुलू नये असेही बजाविले आहे. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. त्याचा आरोग्याशी संबंध नाही.

दूध उत्पादकांनी आणखी दोन नावे ध्यानात ठेवावीत. 'फ्रोझन डेझर्ट' हे आइसक्रीमसारखे दिसते, पण त्यात दुधाच्या स्निग्धाऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध असते. ह्या भेदावरून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दोन मोठ्या कंपन्यांचा वादही झाला. तसेच 'अॅनालॉग' पनीर. ह्यात दुधाचे स्निग्ध काढून पामसारखे तेल घातलेले असते, व त्यास नुसते 'पनीर' म्हणून विकणे नियमाविरुद्ध आहे. डालड्याच्या काळी तुपाचे जे झाले तेच आज पनीराचे होऊ पाहत आहे. ग्राहकाने नाव नीट वाचले नाही तर तोटा ग्राहकाचा व दूधवाल्याचा, असा दोघांचाही होतो.

ज्या पदार्थावर पुडाच नाही

वडापाव, समोसा, भजी, पकवान ह्यांवर तक्ता नसतो. वडापाव हा गरीब कामकऱ्याचा आधार आहे. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य ह्यांनी तो प्रथम विकावयास आणिला असे सामान्यतः मानतात, व गिरणीकामगारांनी तो उचलून धरिला. अंबरनाथच्या कारखान्यांतील पाळी संपवून निघालेल्या कामगारास आजही थोडक्या पैशांत गरम घास तोच देतो. गाडीवाल्यास दोष देणे सोपे आहे, पण त्याचेही पोट त्या कढईवर आहे.

प्रश्न कढईतील तेलाचा आहे. तेच तेल पुनःपुन्हा तापविले की त्याचे विघटन होऊन अपायकारक द्रव्ये साठतात. त्यांचे मान 'एकूण ध्रुवीय द्रव्ये' ह्या मापाने मोजतात. ते शेकडा २५ च्या वर गेले की तेल टाकून द्यावे, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. दिवसास ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंदवही ठेवली पाहिजे, व वापरलेले तेल जैवइंधनासाठी द्यावे, खाण्याच्या व्यवहारात परत आणू नये, अशी व्यवस्था आहे. मोठ्या स्वयंपाकघरांतून टाकलेले तेल स्वस्तात लहान गाडीवर जाऊ नये हा तिचा हेतू होय. लहान विक्रेत्याजवळ माप घेण्याचे यंत्र नसते. म्हणून खाणाऱ्याने डोळे व नाक वापरावे. तेल काळपट व दाट झाले असेल, घाणा सोडताच पृष्ठभागावर न विरणारा फेस येत असेल, मंद आचेवरही धूर निघत असेल, कढईच्या कडेला चिकट राळ साचली असेल, किंवा खवट वास येत असेल, तर तेथे खाऊ नये. सकाळच्या पहिल्या घाण्याचा वडा व रात्री उशिराचा वडा ह्यांत पुष्कळ अंतर असते.

मोठ्या साखळी-उपाहारगृहांस, म्हणजे ज्यांची दहा किंवा अधिक ठिकाणी दुकाने आहेत त्यांस, पदार्थांच्या यादीत प्रत्येकाची उष्णता लिहिण्याचे बंधन आहे. तो आकडा पाहून मागवावे. एका बैठकीत ९०० ते १,००० किलोकॅलरी सहज होतात हे तेथे लक्षात येईल.

घरी काय करावे

आपले घरचे ते सर्व निर्दोष, असा ग्रह करून घेऊ नये. तुपातही संपृक्तांश अधिक आहे, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधात स्वाभाविक ट्रान्सही अल्प प्रमाणात असतो. भातावर चमचाभर तूप घेणे निराळे व तुपात तळणे निराळे. एकच तेल वर्षानुवर्षे न वापरता भुईमूग, तीळ, करडई, तांदळाचा कोंडा ह्यांची तेले आलटून पालटून घ्यावीत. तळण झाल्यावर उरलेले तेल गाळून एकदोन दिवसांत भाजीच्या फोडणीस संपवावे. पुन्हा तळणास ठेवू नये. त्यात नवे तेल ओतून ते 'ताजे' होत नाही.

मुलांच्या हाती काहीतरी द्यावयासच हवे, हे आम्ही जाणतो. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कुरमुरे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, वालाची उसळ, नाचणीचे सत्त्व, तिळगूळ, आणि हंगामात बदलापूरची जांभळे ह्यांपैकी काहीही पुड्यापेक्षा स्वस्त पडते. शेंगदाण्यात स्निग्ध पुष्कळ असले तरी ते बहुतांशी असंपृक्त आहे, मूठभर पुरे.

सभासदांस विनंती

ह्या बाबतीत एकट्याने करावयाचे ते वर सांगितले. संस्थेने मिळून करावयाची कामे तीन आहेत.

(१) शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत अतिस्निग्ध, अतिगोड व अतिखारट पदार्थ विकण्यास अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांत आमचे अनेक सभासद आहेत. त्यांनी हा नियम मुख्याध्यापकांच्या नजरेस आणावा, व विक्रेत्यास हुसकून लावण्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे व फळे विकण्यास उत्तेजन द्यावे.

(२) पुड्यावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याची पूर्तता होते. मराठी ऐच्छिक आहे. बहुतेक पुडे केवळ इंग्रजीत, आणि तेही मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. ज्या घरात पुडा जातो त्या घरातील गृहिणीस तो वाचता येऊ नये, तर तक्ता छापला काय व न छापला काय सारखेच. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर पोषणाचा तक्ता मराठीत असावा अशी मागणी संस्थेच्या वतीने शासनाकडे करणे योग्य होईल. दरम्यान संशयास्पद मालाविषयी पुड्यावरील चौदा आकडी परवाना क्रमांक लिहून घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते.

(३) आमच्या सभासदांपैकी काहींच्या घरच्या महिला बचत गटांतून, तर काही जण शेतकरी उत्पादक कंपन्यांतून चिवडा, पापड, चकली व लाडू विकतात. त्यांनी आपल्या पुड्यावर मराठीत व मोठ्या अक्षरांत खरे लिहावे: तेल कोणते, शंभर ग्रॅमला स्निग्ध किती, त्यातील संपृक्त किती, मीठ किती. एका वेळचा वाटा धरावयाचा तो खाणारा खरोखर जेवढे खातो तेवढा धरावा. इतरांच्या पुड्यावरील खोटेपणाविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस त्यानेच मिळेल.

पुढील बाजाराच्या दिवशी आलेला पहिलाच पुडा मुलांसमवेत उलटा करून वरील उदाहरणाप्रमाणे गुणाकार करून पाहावा. शाळेत शिकलेले अपूर्णांक व शेकडेवारी ह्यांचा असा उपयोग दाखविल्यास ती रीत मुले स्वतःच लक्षात ठेवतील, व पुढचा पुडा घेताना तीच आपणांस विचारतील.